फुल रेंज आहे, पण व्हिडिओ जात नाही

अनंत चतुर्दशीला गिरगावच्या गर्दीत उभं राहून ज्यांनी घरच्यांना व्हिडिओ पाठवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना हा अनुभव नवा नाही. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, शेजारी 5जी लिहिलेलं, आणि पडद्यावर चाक फिरतंय ते फिरतंयच. मग आपण फोन फ्लाइट मोडवर टाकतो आणि परत काढतो. शेजारचाही तेच करत असतो.

त्या दांड्या एवढंच सांगतात, की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती खणखणीत पोहोचतोय. त्याच टॉवरकडे आणखी किती जण ताटकळत बसलेत, हे त्या सांगत नाहीत. चाळीतल्या नळाला धार जोरात आहे, पण तुमच्या पुढे चारशे हंडे आहेत, तसा हा प्रकार.

ही वाटणी होते कशी, ते पाहण्यासारखं आहे. 4जीच्या टॉवरकडे समजा 20 मेगाहर्ट्झ रुंदीची लहरींची पट्टी आहे. तिचे तो 100 तुकडे करतो, आणि कुठला तुकडा कोणाला द्यायचा हे सेकंदाच्या हजाराव्या भागात एकदा, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, नव्याने ठरवतो. टॉवरजवळच्या फोनला लहरीच्या एकेका ठोक्यात 6 किंवा 8 बिट, म्हणजे माहितीचे शून्य-एकचे कण, ऐकवता येतात. दूरच्या किंवा आडोशातल्या फोनला सगळं पुसट ऐकू येतं, त्यामुळे त्याच्याशी सावकाश, 2-2 बिटांत बोलावं लागतं. म्हणजे तीच रील पाहायला दूरचा माणूस तिप्पट-चौपट तुकडे खातो. जिन्याखाली बसून क्रिकेट बघणारा एक जण नकळत सगळ्यांचीच रांग लांबवत असतो!

आणि रांगेतले हंडेही आता मोठे झालेत. सरकारी आकडेवारीनुसार मार्च 2014 मध्ये भारतातला मोबाइल इंटरनेटचा ग्राहक महिन्याला सरासरी 62 एमबी वापरत होता. दहा वर्षांत तो आकडा 20 जीबीच्या पुढे गेला. तीनशे पटींहून जास्त. तेव्हा एका जीबीला सरासरी 269 रुपये पडत, आता दहाच्या आत-बाहेर. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, तेही 2जी-3जीचं लोढणं गळ्यात न घेता, आणि दर कोसळले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण दर कोसळल्याने हवेत जागा होत नाही. लहरींची पट्टी काही तीनशे पट रुंद झाली नाही. मग एवढा डेटा मावला कुठे?

याचं उत्तर मार्टिन कूपर यांच्या एका हिशोबात आहे. 3 एप्रिल 1973 ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल लावणारे तेच हे कूपर. बिनतारी संभाषणांची क्षमता रेडिओचा आद्य संशोधक मार्कोनीच्या काळापासून साधारण दर अडीच वर्षांनी दुप्पट होत आलीय, असं त्यांनी मांडलं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सुमारे 45 वर्षांत ती दहा लाख पट झाली. त्यातली 25 पट वाढ जास्त लहरी वापरायला मिळाल्यामुळे, 5 पट पट्टीचे बारीक काप केल्यामुळे, 5 पट संदेश भरण्याच्या चांगल्या पद्धतींमुळे. आणि उरलेली 1600 पट? एकच लहर जवळजवळच्या जागी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे. अभियंत्यांची सगळी गणिती हुशारी एका बाजूला, आणि ‘टॉवर जवळजवळ लावा’ हा जवळपास गावठी उपाय दुसऱ्या बाजूला. बाजी दुसऱ्याने मारली.

म्हणूनच तर याचं नाव सेलफोन. सेल म्हणजे कप्पा. गावाचे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाडायचे, प्रत्येकात एक टॉवर, आवाज इतका हळू की पलीकडच्या कप्प्यात त्रास होऊ नये. कप्पा निम्म्या त्रिज्येचा केला की तेवढ्याच जागेत चार कप्पे बसतात आणि तीच लहर चौघांकडे नव्याने वापरता येते.

इथे आमच्या सोसायटीची आठवण येणं अपरिहार्य आहे. गच्चीवर टॉवर नको म्हणून सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी हात वर केले, आणि पुढच्याच सभेत ‘बिल्डिंगमध्ये नेट नाही’ हा विषय आला. भीती किरणांची होती. पण कानाला कोण चिकटलेलं असतं? टॉवर नव्हे, फोन. 4जीचा फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट ताकदीने बोलतो, आणि टॉवर जवळ असेल तर तो हीच ताकद हजाराव्या हिश्शापर्यंतही उतरवतो. टॉवर दूर असला की तो ओरडतो. रेंज नसलेल्या गावी बॅटरी दुपारीच का संपते, त्याचं एक कारण हेच. टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा तर भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे. हे सगळं मी सभेत सांगितलं. कुणी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

5जीने कप्पे पाडण्याची हीच युक्ती आणखी पुढे नेली. त्याची भारतातली मुख्य पट्टी 3300 मेगाहर्ट्झच्या वरची. या लहरी 900 मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या लांब जात नाहीत, भिंतींना अडखळतात. पण त्यांची लांबी फक्त साडेआठ-नऊ सेंटिमीटर, त्यामुळे दारापेक्षा लहान फळीत बारीक बारीक डझनावारी अँटेना बसतात. त्या सगळ्यांचे सूर नेमके जुळवले, की लहर चहूकडे न पसरता झोतासारखी एका फोनकडे वळवता येते. म्हणजे एकाच कप्प्यात, एकाच लहरीवर, वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी बोलणी. कप्पा आता जमिनीवर आखलेला राहिला नाही, तो माणसामागे फिरतो. गर्दीत मात्र माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली, की झोतही एकमेकांत मिसळतात. म्हणून कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी कंपन्या अजूनही चाकांवरचे टॉवर नेऊन उभे करतात. शेवटी गावठी उपायच.

टॉवरवरचे गोल ढोल दिसतात ना, ते तुमच्या फोनसाठी नसतात. ते दुसऱ्या टॉवरशी बोलतात. फोनसाठी असतात त्या उभ्या लांबट फळ्या. जिथे जमेल तिथे ढोलांऐवजी फायबर येतं, आणि ते जोडत जोडत थेट वेसाव्याच्या किनाऱ्यापर्यंत जाता येतं, जिथे समुद्राखालच्या केबली मुंबईत शिरतात. अमेरिकेतून आलेला फोटो हजारो किलोमीटर तारेतून येतो. बिनतारी असतात ते शेवटचे काहीशे मीटर, आणि चाक फिरत राहतं ते बहुतेकदा तिथेच.