उपग्रहचित्रांवरून सागरी पृष्ठप्रवाहांचे अनुमान

एकाच सागरी भागाची काही तासांच्या वा दिवसांच्या अंतराने घेतलेली उपग्रहचित्रे ताडून, पाण्यावरची खूण किती व कोठे सरकली यावरून पृष्ठप्रवाहाचा वेग व दिशा काढण्याची पद्धत. खूण म्हणजे ऊन-थंड पाण्याची सीमा, हरितद्रव्याचा पट्टा किंवा नदीमुखाशी पसरलेला गाळ. तापीच्या पुरात वाहत आलेली पऱ्हाटी (कापसाचे वाळके झाड) पुलाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती वेळात जाते हे पाहिले, की पाण्याचा वेग कळतो; तत्त्व तेच. मात्र समुद्रात पऱ्हाटीसारखी एकच ठळक वस्तू क्वचित मिळते, आणि खूण वाहताना स्वतःही बदलत जाते.

पद्धतीचा उगम बहुधा १९८६ चा सांगतात. त्या वर्षी विल्यम एमरी व सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगतच्या अवरक्त चित्रांना ‘महत्तम सहसंबंध’ (दोन चित्रांतील सर्वाधिक साम्याची जागा शोधणारी) रीत लावली. तथापि लीझ, नोव्हाक व क्लार्क यांनी भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांतील ढगांची गती सहसंबंधानेच काढल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सागरावरही नजरेने खुणा जुळवून बाण काढण्याचे काम १९८६ पूर्वी होत असे. त्यामुळे एमरी यांच्याकडे मूळ कल्पनेचे नव्हे, तर नजरेच्या निवडीवाचून चालणारी रीत सागरप्रवाहांना लागू करण्याचे श्रेय जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या रीतीत पहिल्या चित्रातील लहान चौकोन दुसऱ्या चित्रावर सरकवत जातात व सहसंबंधांक जेथे सर्वाधिक येईल तेथे ते पाणी पोहोचले असे धरतात. चित्रकण (पिक्सेल) १ किमी.चा आणि चित्रांत १२ तासांचे अंतर असेल, तर एका चित्रकणाचे सरकणे म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ सेंमी. वेग. पाणी गिरकी घेऊ लागले की आकृती मोडते व सहसंबंध ढासळतो. खरी अडचण वेगळीच आहे: लांबट सीमा आपल्याच रेषेत वाहत असेल, तर दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. सीमेला समांतर वाहणे अशा वेळी हातीच लागत नाही, आणि जोरदार प्रवाह पुष्कळदा नेमके तसेच वाहतात.

भारतात २६ मे १९९९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-१ च्या सागररंगमापकाची चित्रे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी यासाठी वापरली. चित्रकण ३६० मी.चा असला, तरी त्याच भागाचे पुढचे चित्र दोन दिवसांनी मिळे. खंबायतच्या आखातात एवढ्या वेळात भरती-ओहोटीचा प्रवाह जवळपास आठ वेळा उलटतो. म्हणून तेथे अशा जोडीतून निव्वळ सरक तेवढी कळते, क्षणाचा वेग नव्हे. २०१० मध्ये सोडलेल्या कोरियाच्या भूस्थिर सागररंगमापकाने दिवसा तासातासाला चित्रे देऊन ही उणीव कोरियाच्या परिसरापुरती भरून काढली.

खान्देशाला समुद्र नाही. त्याचा या पद्धतीशी संबंध येतो तो तापीमुळे. मुलताईला उगम पावून ७२४ किमी. वाहणारी ही नदी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांचे पाणी सुरतेपलीकडे याच आखातात नेते. गाळ हीच खूण मानली, तर पावसाळ्यातील तापी उत्तम ठरावी. पण त्याच महिन्यांत आकाश ढगांनी झाकलेले असते व दृश्य-अवरक्त चित्रे निरुपयोगी होतात. शिवाय वाटेत उकाईच्या जलाशयात पुष्कळ गाळ बसतो. रडारलहरी ढगांतून पार होतात, परंतु डॉप्लर सरकेवरून (परत येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून) रडारच्या दृष्टिरेषेतील वेगाचाच घटक मिळतो, आणि त्यातूनही वारा व लाटांचा वाटा वजा करावा लागतो.