पार्श्वभूमी : ब्रिटनचे ‘एअरवेव्ह’ अजून बंद का होत नाही?

ब्रिटनमधील पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा ज्या बिनतारी जाळ्यावर बोलतात, ते ‘एअरवेव्ह’ आधीच्या वेळापत्रकानुसार डिसेंबर २०१९ मध्ये बंद व्हायचे होते. त्याच्या जागी ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ (ईएसएन) यायचे होते. सरकारने वेगळे जाळे उभारायचे नाही, ‘ईई’ या मोबाइल कंपनीचे ४जी टॉवर सामान्य ग्राहकांबरोबर वापरायचे आणि आणीबाणी सेवांना त्यावर अग्रक्रम द्यायचा, अशी ती योजना. मग तारीख २०२२ वर गेली, तिथून २०२६ वर, आणि आता २०२९ अखेरचे बोलले जाते. २०२३ पर्यंतच सुमारे २ अब्ज पौंड खर्ची पडले होते. बातम्यांत याचे खापर कंत्राटांवर फुटते आणि त्यात तथ्यही आहे. पण दुखण्याचे मूळ आवाजात आहे. मोबाइल ब्रॉडबँडवरून नकाशे, फोटो, रुग्णाची माहिती पाठवणे केव्हाच साधले. बटण दाबताक्षणी शंभर जणांच्या कानात एकच वाक्य पोहोचवणे मात्र अजून जड जाते.

एअरवेव्ह ‘टेट्रा’ या तंत्रावर चालते. ‘एट्सी’ या युरोपीय संस्थेने १९९० च्या दशकात ठरवलेले हे मानक. त्याआधी ब्रिटनमधल्या प्रत्येक पोलीस दलाचा स्वतःचा ॲनालॉग वायरलेस होता. बाजारात मिळणारा स्कॅनर घेऊन कोणीही तो ऐकू शके आणि शेजारच्या दलाशी थेट बोलण्याची पंचाईत होई. २००० मध्ये बीटी कंपनीला कंत्राट मिळाले, २००१ मध्ये लँकेशर पोलीस पहिले दाखल झाले, २००५ पर्यंत सगळी पोलीस दले आणि २०१० पर्यंत अग्निशमन दले व रुग्णवाहिका सेवा आल्या. सुमारे तीन लाख लोक ते वापरतात. डेटाच्या बाबतीत हे तंत्र अगदीच तोकडे. २५ किलोहर्ट्‌झच्या एका वाहक लहरीचे चार कप्पे, प्रत्येकी ७.२ किलोबिट, चारही मिळून सेकंदाला २८.८ किलोबिट. एक मेगाबाइटचा फोटो पाठवायचा तर चारही कप्पे अडवून साडेचार मिनिटांहून जास्त वेळ लागेल. म्हणून बदल हवा होता, याबद्दल दुमत नव्हते.

साधा मोबाइल का चालत नाही, हे ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये उघडे पडले. तीन भुयारी गाड्या आणि एका बसमधील स्फोटांत ५२ जण मारले गेले. भुयारात वायरलेस चालत होता तो फक्त ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचा. बाकीच्यांना निरोप द्यायला माणसे पळवावी लागली. १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्थानकाच्या आगीत ३१ जण गेले, तेव्हाच्या चौकशीत ही उणीव दाखवून दिली होती. त्या चौकशीच्या १९८८ मधल्या अहवालाला १७ वर्षे होत आली होती. जमिनीवर रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी मोबाइलवर विसंबले होते आणि सगळे शहर एकाच वेळी फोन लावत असल्याने जाळी तुंबली होती.

त्या दिवशीचा एक प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सिममध्ये एक ‘ॲक्सेस क्लास’ कोरलेला असतो. सामान्य ग्राहकांना ० ते ९ पैकी एक आकडा मिळतो, ११ ते १५ हे खास कामांसाठी राखीव. त्यातला १४ आणीबाणी सेवांचा. गर्दी झाली की टॉवर ‘० ते ९ ला मनाई’ असे प्रसारित करतो आणि ते फोन कॉलची मागणीच करेनासे होतात. दुपारी बाराच्या सुमारास सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ऑल्डगेट परिसरात, साधारण एक किलोमीटरच्या टापूत, ‘ओटू’ या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर ही मनाई लागू करवली. वास्तविक सर्व सेवांच्या समन्वय गटाने ती लावायची नाही असे ठरवले होते, कारण खास सिम योग्य माणसांच्या खिशात आहेत याची कोणाला खात्री नव्हती. तरीही ती पावणेपाचपर्यंत राहिली. अग्रक्रमाची सोय तांत्रिकदृष्ट्या तयार असूनही कागदावर नीट वाटलेली नसेल तर आपल्याच माणसांची तोंडे बंद होतात. भुयारांत एअरवेव्ह पोहोचायला २००९ उजाडले.

ईएसएनमध्ये अग्रक्रम सिमपुरता राहत नाही. ४जीमध्ये प्रत्येक जोडणीला दर्जा लावता येतो आणि जागा नसेल तेव्हा खालच्या दर्जाची जोडणी तोडून वरच्याला जागा करून देता येते. पण २०१५ च्या डिसेंबरात कंत्राटे झाली तेव्हा ४जीवरच्या पुश-टू-टॉकचे, म्हणजे बटण दाबून बोलण्याच्या सोयीचे, मानकच पुरे झालेले नव्हते. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या ‘३जीपीपी’ने ते मार्च २०१६ मध्ये १३ व्या आवृत्तीत गोठवले. व्हिडिओ आणि डेटाचा भाग १४ व्या आवृत्तीत आला. मानकाची अट अशी की बटण दाबल्यापासून बोलायची परवानगी मिळेपर्यंत १०० पैकी ९५ वेळा ३०० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागावा. त्याहून उशीर झाला की बोलणाऱ्याचा पहिला शब्द कापला जातो. ‘आत जाऊ नका’ मधला ‘आत’ गळला तर फारसे बिघडत नाही, ‘नका’ गळला तर बिघडते. आणि घाईत बोलणारा बटण आधी सोडून देतो, तेव्हा शेवटही तुटतो.

दुसरी अडचण मोजणीची. टेट्रात एका टॉवरखाली एकाच गटातले ५० पोलीस असतील तरी आवाज एकाच कप्प्यातून जातो, सगळे तोच ऐकतात. ४जी मुळात एकेका फोनशी स्वतंत्र बोलण्यासाठी बांधलेले. त्यामुळे तेच वाक्य ५० वेळा पाठवावे लागते, आणि ते नेमके गर्दीच्या ठिकाणी. एकाच वेळी सर्वांना प्रसारित करण्याची ‘ईएमबीएमएस’ ही सोय मानकात आहे, पण व्यावसायिक कंपन्यांना तिच्यातून उत्पन्न नसल्याने फार थोड्या ठिकाणी ती खरोखर चालू आहे.

टॉवरचा प्रश्न वेगळाच. मोबाइल कंपनी व्याप्ती मोजते ती लोकसंख्येवर. पोलिसांना हवी असते जमिनीवर, कारण गाडी दरीत कोसळते तिथे वस्ती नसते. एअरवेव्ह ग्रेट ब्रिटनच्या सुमारे ९७ टक्के भूभागावर पोहोचते. तेवढे गाठायला ईईने शेकडो नवे टॉवर उभारले, आणि जिथे कंपनीला धंदा नाही अशा दुर्गम जागी २९२ ठिकाणे सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. जागेचा मालक, वीज, रस्ता, परवानगी, यांत एकेका टॉवरची वर्षे गेली.

कंत्राटांची कथा आता थोडक्यात. ईएसएनचे पुश-टू-टॉक सॉफ्टवेअर मोटोरोलाने द्यायचे होते. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये ८१७.५ दशलक्ष पौंडांना एअरवेव्ह विकत घेतली. म्हणजे नवे जाळे जितके रखडेल तितके जुन्याचे भाडे चालू, आणि दोन्ही चाव्या एकाच्या हाती. हे सरकारला आधीच कसे दिसले नाही, असा प्रश्न पडतो. दिसले होते, पण कंत्राटातल्या अटी पुरेशा आहेत असे मानले गेले. २०१८ मध्ये योजना टप्प्याटप्प्याने न्यायची ठरली. स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, मोटोरोला २०२२ अखेर ईएसएनमधून बाहेर पडली, आणि २०२३ मध्ये एअरवेव्हच्या दरावर मर्यादा आली. वाजवीपेक्षा वर्षाला सुमारे २० कोटी पौंड जास्त घेतले जात असल्याचा आयोगाचा निष्कर्ष होता. सॉफ्टवेअरचे काम डिसेंबर २०२४ मध्ये आयबीएमच्या गटाकडे गेले.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेले इशारे मनोऱ्यातल्या अग्निशामकांपर्यंत गेले नाहीत; त्या दिवशी ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. २००८ मध्ये ७०० मेगाहर्ट्‌झमधला ‘डी ब्लॉक’ हा लहरींचा पट्टा लिलावात काढला, आणीबाणी सेवांशी वाटून घेण्याच्या अटीसह. किमान अपेक्षा १.३ अब्ज डॉलरची, बोली आली ४७.२ कोटींची. अखेर २०१२ च्या कायद्याने २० मेगाहर्ट्‌झचा पट्टा आणि ७ अब्ज डॉलर देऊन आणीबाणी सेवांच्या जाळ्यासाठी ‘फर्स्टनेट’ स्थापन झाले, आणि २०१७ मध्ये एटी अँड टीला २५ वर्षांचे काम मिळाले. पट्टा स्वतःचा असला तरी इमारती आणि विजेची सोय एटी अँड टीचीच. २५ डिसेंबर २०२० रोजी नॅशव्हिलमध्ये कंपनीच्या इमारतीबाहेर स्फोट झाला, वीज गेली, काही तासांनी बॅटऱ्याही संपल्या आणि फर्स्टनेटही पडले. २२ फेब्रुवारी २०२४ च्या बिघाडाला तर स्फोटही लागला नाही. चुकीच्या रचनेचे एक उपकरण जोडले गेले आणि देशभराची सेवा कोलमडली. १२ तासांहून जास्त चाललेल्या त्या गोंधळात फर्स्टनेट सर्वांत आधी पूर्ववत केले, पण तेही पडले होतेच.

मुंबईकरांना दोन्ही प्रकार परिचयाचे आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात वीज गेल्यावर मोबाइल बंद पडले, ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतर ते गर्दीने तुंबले. भारतात ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने जून २०१८ मध्ये पोलीस व आपत्ती सेवांसाठी देशव्यापी ४जी जाळ्याची शिफारस केली; राखीव स्पेक्ट्रम आणि गृह मंत्रालयाखाली स्वतंत्र कंपनी, असा तिचा आराखडा.

सर्वांत चिवट अडचण टॉवरच नसेल तेव्हाची. तळघरात उतरलेले दोन अग्निशामक टेट्रा हँडसेट ‘डायरेक्ट मोड’वर टाकून एकमेकांशी थेट बोलतात. ४जीमध्ये ही सोय १२ व्या आवृत्तीत लिहिली गेली, पण तिला साथ देणारे चिपसेट बाजारात आलेच नाहीत, कारण कोट्यवधी ग्राहकांना तिचा उपयोग नाही. शिवाय फोनची ताकद ०.२ वॅट, टेट्रा हँडसेटची सहसा १ वॅट, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितके काँक्रीट पार करणे जड. त्यामुळे उपाय म्हणून दोन्ही रेडिओ एकाच कवचात घातलेले संकरित हँडसेट आले, एअरबसचा ‘डबात’ त्यांतलाच. ते वजनाने जड, बॅटरी लवकर खाणारे. आणि ते वापरायचे तर ३८०–४०० मेगाहर्ट्‌झचा जुना पट्टा एअरवेव्ह गेल्यावरही राखून ठेवावा लागेल.