कूलंट झिजतं, पण दिसत नाही

डिझेल इंजिनातून काढलेला सिलिंडर लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतो ते नळकांडं, बाहेरून न्याहाळलं तर कधीकधी त्यावर एक उभा पट्टा दिसतो. त्यात दाटीवाटीने बारीक खड्डे, सुई टोचल्यासारखे. बोट फिरवलं की खरखरतं. आतून मात्र, पिस्टनच्या बाजूने, तोच लायनर गुळगुळीत. बाहेरून त्याला स्पर्श होतो तो फक्त कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. मग हे लोखंड कुरतडलं कुणी?

डिझेलचा भडका उडतो तेव्हा लायनरला आतून जोराचा ठोका बसतो आणि तो घंटेसारखा थरथरतो. भिंत झटकन मागे सरकली की तिला लागून असलेल्या द्रवावरचा दाब क्षणभर कोसळतो आणि तिथे वाफेचे बुडबुडे उठतात. लगेच भिंत परत येते, बुडबुडे मिटतात, आणि त्यांच्या जागी धावून आलेला द्रव धातूवर टोचा मारतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजाच्या प्रोपेलरची पातीही याच प्रकारे झिजतात. त्याच कोड्यापायी 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या बुडबुड्याभोवती किती प्रचंड दाब तयार होतो याचं गणित मांडलं. इंजिनात असा खड्डा आरपार गेला की कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं आणि तिथून ऑइलमध्ये मिसळतं. मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

यापासून लायनरला वाचवतं ते कूलंटमधलं थोडंसं रसायन. अवजड डिझेलच्या अनेक कूलंटमध्ये ते नायट्राइट किंवा मॉलिब्डेट असतं. ते धातूवर अगदी पातळ लेप चढवतं. बुडबुडा लेप उडवतो, रसायन तो पुन्हा चढवतं. हे अखंड चालतं आणि प्रत्येक डागडुजीत थोडं रसायन खर्ची पडतं. कूलंट बदलायचं ते मुख्यतः यासाठी, असं माझं ठाम मत आहे. लोक मात्र पारखतात गोठणबिंदू आणि रंग. रंग हा निव्वळ रंग आहे. कुठला रंग म्हणजे कुठलं रसायन, याचा सगळ्यांनी पाळावा असा नियमच नाही. गोठणबिंदू ठरतो ग्लायकॉलवर, म्हणजे कूलंटमध्ये पाण्याबरोबर असलेल्या न गोठू देणाऱ्या द्रवावर, आणि त्याचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. त्यामुळे गोठणबिंदू तपासणारं रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण ‘उत्तम’ म्हणत असतानाच लायनर उघडा पडलेला असू शकतो. उरलेलं रसायन मोजायला वेगळ्या चाचणीपट्ट्या मिळतात. त्या कूलंटच्या प्रकाराप्रमाणे घ्याव्या लागतात.

ग्लायकॉलची एक गंमत इथेच सांगतो. पाणी 0 अंशाला गोठतं, नुसतं इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास, पण दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की उणे 37 पर्यंत द्रवच राहतं. दोघांचे रेणू एकमेकांना स्फटिकाची रांग धरू देत नाहीत. म्हणून ‘जास्त घट्ट तर जास्त चांगलं’ हा समज चुकीचा आहे. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या पुढे आहे. घट्ट मिश्रणात इंजिन उलट जास्त तापतं.

आता कूलंट बदलायचं ते मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, कसं ते पाहू. अनेक मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये इंजिन मागे आणि चालकाचा हीटर पुढे असतो, म्हणून गरम कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबच्या लांब जातात. काही गाड्यांत घरातल्या पाण्याचा हीटरही याच कूलंटवर तापतो. रेडिएटरखालचा ड्रेन कॉक उघडला की धार लागते, मग बारीक होते, मग थेंब पडतात, आणि वाटतं झालं रिकामं. पण या लांब पाइपांत, हीटरमध्ये आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच कूलंट अजून उभं असतं.

समजा एकूण 60 लिटर मावतं आणि 45 निघालं. आत 15 उरलं, म्हणजे पाव हिस्सा. डिस्टिल्ड पाणी भरून, इंजिन चालवून पुन्हा काढलं तर उरलेल्या द्रवात जुनं कूलंट पाव भागच राहतं. दुसऱ्या फेरीला सोळावा भाग, तिसऱ्याला चौसष्टावा. मात्र प्रत्येक फेरीत हीटरचे व्हॉल्व्ह उघडे हवेत आणि थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे साधारण 80 ते 90 अंशांपर्यंत, इंजिन तापायला हवं. नाहीतर पाणी जवळच्या वाटेनेच फिरत राहतं. नळाचं कठीण पाणी नको. त्यातला कॅल्शियम तापलेल्या धातूवर खवल्यासारखा बसतो आणि उष्णता अडवतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती भरताना. धुऊन झाल्यावर आत 15 लिटर नुसतं पाणी आहे. त्यावर तयार निम्म्या मिश्रणाचे 45 लिटर ओतले तर ग्लायकॉल पडतं साडेबावीस लिटर, म्हणजे साडेसदतीस टक्केच. गोठणबिंदू उणे 37 वरून उणे विशीत येतो आणि रक्षक रसायनही तेवढंच पातळ होतं. त्यापेक्षा एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे 30 लिटर, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी भरावं आणि वरचे 15 लिटर डिस्टिल्ड पाण्याने पुरे करावेत. कुठल्या प्रकारचं कूलंट, ते इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावं.

ओतायचं सावकाश, कारण लांब पाइपांत हवा अडकते. तापमानाचा सेन्सर हवेच्या खिशात सापडला तर इंजिन तापत असतानाही काटा खालीच दिसू शकतो. हवा सोडायचे स्क्रू असतील तर ते वापरावेत. गाडी थंड झाली की पातळी उतरते, तेवढी भर घालावी. पुढच्या दोन-तीन प्रवासांनंतरही पातळी पाहावी.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. गाडी समतल करायचे जॅक ती पेलून धरण्यासाठी नसतात, त्यांच्या भरवशावर खाली शिरू नये. आणि इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नये. 15 पीएसआय दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली निम्मं मिश्रण सुमारे 129 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरलं, दाब सुटला, की तेच क्षणात उसळून अंगावर येतं.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचतात. थोडंसं पोटात गेलं तरी जनावर दगावतं. गटारात किंवा मातीत ओतणंही नको, कारण त्यात इंजिनातले जड धातू विरघळलेले असू शकतात. बंद डब्यात भरून, वापरलेलं कूलंट घेणाऱ्या केंद्राकडे द्यावं.

मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभी असते, त्यामुळे किलोमीटरबरोबर तारखेचाही हिशोब ठेवावा लागतो. कूलंटच्या टाकीच्या झाकणाजवळ एक चिठ्ठी चिकटवा: कूलंटचा प्रकार, किती टक्के, कधी भरलं. वाटेत कुणी नुसता रंग पाहून वेगळ्याच प्रकारचं कूलंट ओतायला निघेल, तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या डोळ्यांसमोर असेल.