छेदाचा शोध: बेघरांच्या आरोग्य-संशोधनाची पार्श्वभूमी

मृत्यूदर काढायचा तर अंशात मृत्यू लागतात आणि छेदात माणसे. बेघरांचे मृत्यू निदान शवागारात तरी सापडतात, छेद मात्र हाती लागत नाही. या संशोधनाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास बराचसा त्या छेदाच्या मागे धावण्याचा आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत बेघर किती, हा आधी राजकीय वाद होता. चळवळीतले लोक २० ते ३० लाख सांगत, तर गृहनिर्माण खात्याचा १९८४ चा अहवाल अडीच ते साडेतीन लाख. समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांच्या चमूने १९८५-८६ मध्ये शिकागोत नमुना पाहणी केली. ब्लॉक निवडायचे, रात्री तिथे जो भेटेल त्याला, झोपला असेल तर उठवून, प्रश्न विचारायचे, असा तिचा खाक्या. उत्तर तीन हजारांच्या आत आले. शहरात तेव्हा १५ ते २५ हजारांची भाषा चालली होती, त्यामुळे रॉसींवर टीकेची झोड उठली.

१९९० च्या जनगणनेत मार्चमधल्या एका रात्री निवारे आणि रस्ते मोजले गेले. निवाऱ्यांत १,७८,६३८ माणसे मिळाली आणि उघड्यावर ४९,७३४. पण या मोजणीची परीक्षाही घेतली गेली. काही शहरांत निरीक्षकांना मुद्दाम रस्त्यावर बसवले होते. त्यांतले बरेच जण प्रगणकांच्या हिशेबात आलेच नाहीत. पुढे याचीच पद्धत झाली. समजा २० माणसे पेरली आणि १४ मोजली गेली, तर पकड ७० टक्के. मोजणीत ३५० आले असतील तर खरा आकडा ५०० च्या आसपास.

दुसरी वाट माशांच्या मोजणीतून आली, तिचे नाव कॅप्चर-रीकॅप्चर: एकाच गटाच्या दोन याद्या करायच्या आणि दोन्हींत आलेल्यांवरून एकूण संख्या काढायची. पहिल्या यादीत २००, दुसऱ्या यादीत १५० आणि दोन्हींत असलेले ६०, तर २०० गुणिले १५० भागिले ६०, म्हणजे ५००. हिशेब सोपा, पण ६० हा आकडा अतिशय नाजूक. एकाच माणसाने दोनदा वेगळे नाव सांगितले, जन्मवर्ष चुकले, आडनाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले की जोड्या जुळत नाहीत. ६० चे ४० झाले की अंदाज थेट ७५० वर जातो. उलट, निवाऱ्यात नेहमी येणारा माणूस दोन्ही याद्यांत सापडतोच, मग अंदाज खाली घसरतो. म्हणून याद्या स्वतंत्र असाव्या लागतात. प्रत्यक्षात दोन्ही याद्या बहुतेकदा त्याच दोन-तीन संस्थांच्या रजिस्टरांतून येतात, ही या पद्धतीची कायमची दुखरी नस.

एका रात्रीच्या मोजणीत आणखी एक घोळ असतो: वर्षानुवर्षे बेघर असलेला माणूस तीत हमखास सापडतो, पंधरा दिवस बेघर झालेला क्वचित. संशोधक डेनिस कलहेन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांचे संगणकीय रजिस्टर उघडले, तेव्हा हे ठळक दिसले. १९९८ च्या विश्लेषणात निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के थोडक्या दिवसांत बाहेर पडत. दीर्घकाळ राहणारे जेमतेम १० टक्के, पण निवाऱ्यातल्या एकूण दिवसांपैकी निम्मे त्यांचे.

आरोग्याच्या बाजूने छेद मिळाला तो दवाखान्यांतून. १९८५ मध्ये दोन खासगी प्रतिष्ठानांच्या पैशावर १९ शहरांत बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने तिला केंद्राचा निधी आला. त्यांतल्या बोस्टनच्या कार्यक्रमात १९८८ ते १९९३ दरम्यान आलेल्या १७,२९२ प्रौढांची नावे मृत्युनोंदींशी जुळवली गेली आणि ६०६ मृत्यू मिळाले. २५ ते ४४ वयोगटात एड्स हे मुख्य कारण होते. २००३ ते २००८ च्या अभ्यासात ती जागा अमली पदार्थांच्या अतिमात्रेने घेतली. जुळणी फसली की मेलेला माणूस कागदावर जिवंत राहतो, म्हणून असे दर खरे तर किमान धरावेत.

त्या पहिल्या अभ्यासात मृत्यूचे सरासरी वय ४७ निघाले, आणि 'बेघर माणूस ४७ वर्षेच जगतो' हे वाक्य जगभर फिरले. ते चूक आहे. मृतांचे सरासरी वय मूळ गटाच्या वयोरचनेवर ठरते. गटात सत्तरीचे लोकच नसतील, तर सत्तरीत मरणार कोण? प्रश्न आहे तो त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत मृत्यू किती पट, हा. फिलाडेल्फियाच्या १९९४ मध्ये छापलेल्या अभ्यासात उत्तर साडेतीन पट होते, आणि सांगायला हवा तो हाच आकडा.

व्याख्येने छेद आणखी हलतो. युरोपातल्या बेघरपणाच्या 'इथॉस' वर्गीकरणात १३ प्रकार आहेत. उघड्यावर झोपणारा त्यात आहे, तसाच नातेवाइकाच्या घरी तात्पुरता टेकलेलाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या रात्री १७.७ लाख बेघर मोजले, त्यात धरले ते छताच्या घरात न राहणारेच.

इंग्लंड-वेल्सच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये मृत्युनोंदी आणि मोजणीच्या पद्धती हे दोन्ही धागे एकत्र आणले. मृत्युनोंदीत 'ठरावीक पत्ता नाही' अशी नोंद किंवा निवाऱ्याचा पत्ता शोधायचा, आणि जे सुटले त्यांचा अंदाज कॅप्चर-रीकॅप्चरने बांधायचा. २०१७ साठी अंदाज आला ५९७. दाखल्यावर बहिणीच्या घरचा पत्ता पडलेला माणूस शोधात सापडत नाही, त्याच्या वाट्याला हा अंदाजच येतो.