लहान व्यवसायाचे बोधचिन्ह

व्यवसाय पाहताक्षणी ओळखू यावा म्हणून केलेली खूण म्हणजे बोधचिन्ह, रोजच्या बोलण्यात लोगो. ते नुसत्या अक्षरांचे, नुसत्या चित्राचे किंवा दोन्ही मिळून केलेले असते. नव्या, लहान व्यवसायाने नाव गाळून नुसते चित्र वापरू नये. ते कोणाचे हे अजून कोणालाच ठाऊक नसते. बूट बनवणाऱ्या नायकी कंपनीची खूण १९७१ मध्ये तयार झाली, पण नावाचा आधार सोडून ती एकटी मिरवू लागली ती वीसहून अधिक वर्षांनी.

काम कागदावर आणि काळ्या रंगातच सुरू करावे. वीस-तीस कच्ची रेखाटने केली की सुचलेल्या पहिल्या, सरधोपट कल्पना आपोआप मागे पडतात. त्यांतली दोन-तीन निवडून संगणकावर व्हेक्टर पद्धतीने, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिताने, रेखावीत. अशी आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

खरी परीक्षा लहान आकारात होते. चिन्ह एक सेंटिमीटर रुंदीत छापून पाहावे. रबरी शिक्क्याची शाई पसरते आणि ‘भ’ची गाठ किंवा ‘क’चे पोट भरून जाते; भरतकामात साधारण पाच मिलिमीटरहून लहान अक्षरे गुठळ्यांसारखी दिसतात. ब्राउझरच्या टॅबवर तर १६ × १६ पिक्सेलच मिळतात. तिथे नाव मावत नाही, म्हणून आद्याक्षराची किंवा चित्राची सुटी आवृत्ती आधीच करून ठेवावी. मोबाइलवरची बरीच ॲप प्रोफाइलचे चित्र गोलात कापतात, तेव्हा लांबट चिन्हाची दोन्ही टोके उडतात.

मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा. चौकोनाइतक्याच उंचीचे वर्तुळ लहान भासते, म्हणून ते किंचित वाढवतात. काळ्यावरचे पांढरे अक्षर जाड दिसते, म्हणून उलट्या रंगांच्या आवृत्तीत रेषा थोडी बारीक करतात.

रंग शेवटी, एक किंवा दोन. पडद्यावरचा झगझगीत हिरवा वा निळा चार शाईंच्या छपाईत हमखास मळकट उतरतो. त्यामुळे छपाईचे शाईप्रमाण वेगळे ठरवून, नमुना छापून मगच ते पक्के करावे.

सर्वांत जास्त घोळ फाइल देताना होतो. मालकाकडे फक्त एक जेपीजी उरते, फलक करणारा तीच ताणून मोठी करतो आणि कडा दातेरी होतात. म्हणून एसव्हीजी (व्हेक्टर फाइल), पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी अशा तिन्ही फाइली घ्याव्यात, अक्षरे ‘कर्व्ह’ केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी रेषाकृतीत बदललेली असावीत; नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलतो.

तयार टेम्प्लेटमधले चित्र तेच दुसराही वापरू शकतो, त्यामुळे व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदणी करताना अडचण येते. अशा नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांची विभागणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. आपल्या वर्गात मिळतेजुळते चिन्ह आहे का, हे फलक रंगवण्याआधी शोधावे. अनेक देशांत लेखी करार नसेल तर चित्राचा कॉपीराइट डिझायनरकडेच राहतो, म्हणून तो हस्तांतरित झाल्याचा कागद अंतिम फाइलींसोबतच घ्यावा.