बेळगाव सीमाभागातून भाषाविज्ञान : बीए-एमए सलग करायचं तर अर्ज कसा करावा

घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं बोलत वाढलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांनी भाषाविज्ञानाचा, म्हणजे भाषा कशी घडते आणि बदलते या अभ्यासाचा विचार जरूर करावा. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींत कशा मुरल्या, यावरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ सालचा लेख आजही भाषाविज्ञानाच्या वर्गात शिकवला जातो. तसलं बोलणं आपल्या गल्लीत रोज कानावर पडतं.

अर्जाआधी वर्षांचा हिशेब मांडा. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. म्हणजे इथल्या कॉलेजातून बीए केलं, तर पुढे एमए दोन वर्षांचं. चार वर्षांची ऑनर्स पदवी बाहेरच्या विद्यापीठातून घेतली, तर एमए एका वर्षात होऊ शकतं. इंटिग्रेटेड, म्हणजे बारावीनंतर बीए-एमए सलग असलेलं एमएसुद्धा पाचच वर्षांचं. तिन्हीकडे बेरीज पाच! इंटिग्रेटेडमध्ये वर्ष वाचत नाही, वाचतो तो मधला प्रवेशाचा सगळा खटाटोप. माझ्या मते गावाकडच्या मुलांसाठी हा फायदा मोठा आहे, कारण बीएनंतर घरची ओढ लागते आणि शिक्षण तिथेच थांबतं.

खरोखर वेळ वाचतो तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वेगवर्धित पदवीत. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत, चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करता येते. त्यासाठी पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच अर्ज करावा लागतो, नंतर नाही. संस्थेची समिती तुमची कुवत पाहून निर्णय घेते आणि मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच विद्यार्थी घेता येतात. तुमची संस्था ही सोय देते का, हे प्रवेश घेतानाच विचारा. आणखी एक अडचण म्हणजे पाच सत्रांत पदवी डिसेंबर-जानेवारीत हाती येते. तेव्हा एमएचे प्रवेश सुरू नसले, तर वाचवलेले सहा महिने घरीच जातात.

हैदराबाद विद्यापीठात भाषाविज्ञानाचं पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमए आहे, त्याचा रस्ता सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. या परीक्षेच्या १३ भाषांत मराठीही आहे आणि कन्नडही. पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान आणि गणित घेतलेल्यांसाठी ट्रिपलआयटी हैदराबादमध्ये बीटेकसोबत संगणकीय भाषाविज्ञानात एमएस करता येतं. त्याची यूजीईई ही प्रवेश परीक्षा वेगळी.

कागदपत्रांत खरी अडचण नावाची. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं पूर्ण आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, हे आपल्याकडे घरोघरी. दहावीचं कार्ड प्रमाण माना, आधार त्याप्रमाणे करून घ्या, आणि हे अर्ज निघण्याआधीच उरका. पीयूसीचं मार्क्स कार्ड, टीसी, मायग्रेशन, फोटो आणि एबीसी आयडी (शिक्षणातले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतातच.

जातीच्या दाखल्यात बरेच जण फसतात. नाडकचेरीतून (कर्नाटकाच्या महसूल कार्यालयातून) मिळालेला २ए किंवा ३बी या मागासवर्गाचा दाखला राज्यापुरता. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, आणि त्यासाठी तुमची जात कर्नाटकाच्या केंद्रीय यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्याही असेल, असं गृहीत धरू नका. कुठल्याच आरक्षणात बसत नसाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा कोटा पाहा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. हा दाखला चालू आर्थिक वर्षाचाच लागतो, त्यामुळे मागच्या वर्षी भावासाठी काढलेला घेऊन जाऊ नका.

महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांचा दाखला मात्र महाराष्ट्र शासनाने राखलेल्या जागांसाठी असतो. हैदराबादच्या अर्जात तो जोडून उपयोग नाही.