45 गुणांचे कार्ड 47 पेक्षा चांगले कधी? पिस्तूल सरावाची आखणी आणि नोंद

दहा मीटर एअर पिस्तुलाची दोन कार्डे, म्हणजे कागदी लक्ष्ये, शेजारी ठेवा. दोन्हींवर पाच-पाच पेलेटची, म्हणजे छऱ्यांची, भोके. पहिल्यावर दोन दहा आणि तीन नऊ, एकूण 47. पण भोके मध्याच्या चारी बाजूंना विखुरलेली. दुसऱ्यावर पाचही नऊ, एकूण 45. मात्र पाचही भोके उजवीकडे खाली एकमेकांत अडकलेली, वर रुपयाचे नाणे ठेवले तर झाकली जातील इतकी जवळ. बेरजेत पहिला नेमबाज पुढे दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्याला फक्त रिअर साइटचे, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेचे, स्क्रू फिरवायचे आहेत, आणि पहिल्याला हात, बोट, नजर यांवर काही महिने मेहनत करायची आहे. फक्त तारीख आणि बेरीज लिहिलेली वही हा फरक दाखवूच शकत नाही.

सोलापुरात रेंजवर येणाऱ्यांपैकी अनेकांना वेळ मोजूनमापून मिळतो. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडून येणाऱ्याला तर आठवड्यातून एकदाच, दीड तास. त्या दीड तासात काय करायचे हे घरून ठरवून यावे आणि काय झाले ते आकड्यांत घेऊन जावे. हे आकडे कोणते, ते पाहू.

एअर पिस्तुलाच्या कार्डावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिमी असतो. पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने 8 मिमी मोठे. पेलेट 4.5 मिमीचा, आणि तो रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणून भोकाचे केंद्र मध्यापासून 8 मिमीच्या आत असेल तर दहा, 16 च्या आत नऊ, 24 च्या आत आठ. सरासरी 9 गुण मिळवणाऱ्याचे पेलेट मध्यापासून सरासरी 12 मिमीवर पडतात. पॅरिस 2024 च्या पात्रता फेरीत मनू भाकरने 60 शॉटमध्ये 580 गुण केले, म्हणजे सरासरी 9.67, याच हिशेबाने तिचे अंतर साधारण 7 मिमी येते. नऊच्या पातळीपासून ऑलिंपिक पदकापर्यंतचे सगळे अंतर या पाच मिलिमीटरमध्ये आहे.

हे पाच मिलिमीटर हरवतात कुठे? पिस्तुलाच्या फ्रंट आणि रिअर साइटमधले अंतर साधारण 330 मिमी असते. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत अर्धा मिमी जरी सरकली, तरी तो कोन दहा मीटरवर 15 मिमी होतो, जवळजवळ दोन वर्तुळे. याउलट साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हात 5 मिमी हलला, तर कार्डावरही 5 मिमीच फरक पडतो. म्हणून नजर फ्रंट साइटच्या कडेवर हवी आणि कार्डावरचे काळे वर्तुळ धूसर दिसायला हवे. नवा नेमबाज काळे वर्तुळ स्पष्ट पाहायला जातो, हाताची हालचाल थोपवायला धडपडतो, आणि त्या नादात कोनातली चूक त्याच्या लक्षातच येत नाही.

आता गुणांच्या बेरजेकडे. नऊच्या सरासरीच्या नेमबाजाचे शॉट सरासरीपासून सुमारे 0.8 गुणांच्या प्रमाण विचलनाने (नेहमीच्या चढउताराच्या मापाने) इकडेतिकडे होतात. दहा शॉटच्या सिरीजमध्ये हे विचलन अडीच गुणांवर जाते. म्हणजे कौशल्यात काडीचाही बदल न होता आज 88, उद्या 92 होऊ शकते. स्पर्धेत 6 गुण वाढले तर जिल्हा पातळीवर क्रमांक बदलतो, पण ही वाढ प्रति शॉट फक्त 0.1 आहे. ती खरी आहे की योगायोग, हे बेरजेवरून खात्रीने सांगायला बदलाच्या आधीचे सुमारे 500 आणि नंतरचे सुमारे 500 शॉट लागतात. आठवड्याला 60 शॉट मारणाऱ्यासाठी हे चार महिन्यांचे काम झाले. दोन सिरीजवरून ग्रिप बदलणे, ट्रिगर बदलणे, शेवटी पिस्तूलच बदलायचा विचार करणे, हा सगळा खर्च योगायोगापायी होतो.

पालकांसाठीही यात एक गोष्ट आहे. सिरीज फार वाईट गेली की पुढची बहुधा आपोआप थोडी बरी जाते, कारण ती सरासरीकडे परत येते. फार चांगली गेली की पुढची थोडी उतरते. त्यामुळे रागावले की मूल सुधारते आणि कौतुक केले की बिघडते असा भास होतो. आकड्यांच्या या स्वाभाविक चढउताराचा रागावण्याशी काहीही संबंध नाही.

मग वहीत काय लिहायचे? दोन गोष्टी वेगवेगळ्या: ग्रुपचे, म्हणजे कार्डावरच्या भोकांच्या पुंजक्याचे, केंद्र आणि ग्रुपचा पसारा. रीत पट्टीने करता येते. प्रत्येक भोक मध्यापासून किती मिमी उजवीकडे वा डावीकडे, किती वर वा खाली, हे मोजा. उजवे आणि वरचे अधिक, डावे आणि खालचे उणे. वरच्या 47 गुणांच्या कार्डावर समजा असे शॉट आहेत: उजवीकडे 6 खाली 3, डावीकडे 4 वर 9, उजवीकडे 11 वर 2, उजवीकडे 3 खाली 12, डावीकडे 1 वर 4. आडव्यांची बेरीज 15, भागिले पाच, उत्तर 3. उभ्यांची बेरीज शून्य. म्हणजे ग्रुपचे केंद्र 3 मिमी उजवीकडे. आता प्रत्येक भोक या केंद्रापासून किती लांब ते मोजा: 4.2, 11.4, 8.2, 12 आणि 5.7 मिमी. सरासरी 8.3. ही सरासरी त्रिज्या म्हणजे पसारा.

केंद्र 3 मिमी उजवीकडे आहे, तर साइट डावीकडे घ्यायची का? थांबा. सरासरी त्रिज्येला 1.25 ने भागले की एका दिशेतले विचलन मिळते, इथे 6.6 मिमी. त्याला शॉटच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे 2.24 ने भागले की केंद्राची अनिश्चितता मिळते: 3 मिमी. जेवढे सरकलेले दिसते तेवढीच अनिश्चितता आहे, म्हणून स्क्रूला हात लावू नये. केंद्र अनिश्चिततेच्या दुपटीपेक्षा लांब गेले, तरच स्क्रू फिरवा, क्लिक मोजत (स्क्रूचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक). या नेमबाजासाठी पाच शॉटनंतर ती मर्यादा 6 मिमी, दहा शॉटनंतर साधारण 4 मिमी.

प्रत्येक शॉटनंतर स्क्रू फिरवण्याची सवय थेट नुकसान करते. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग नरसाळ्यातून गोटी खाली सोडून हेच दाखवत असत: प्रत्येक वेळी मागच्या चुकीइतके नरसाळे उलट सरकवले, तर पसारा कमी होण्याऐवजी 41 टक्क्यांनी वाढतो. साइटिंगच्या, म्हणजे सुरुवातीला साइट जुळवायच्या शॉटच्या, वेळी दर शॉटला क्लिक-क्लिक करणारा नेमबाज नेमके हेच करत असतो. आपल्या पिस्तुलाची एक क्लिक दहा मीटरवर किती मिमी सरकवते, हे एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: दहा शॉटचा ग्रुप, मग दहा क्लिक, मग पुन्हा दहा शॉट, आणि दोन केंद्रांमधले अंतर भागिले दहा.

ग्रुप मोजण्याची दुसरी प्रचलित रीत म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर. ती सोपी आहे, पण दोन टोकाचे शॉट सोडून बाकीची सगळी माहिती ती फेकून देते. शिवाय शॉट वाढले की हे अंतरही वाढते: पाच शॉटला 30 मिमी असेल, तर त्याच हाताने दहा शॉटला सुमारे 37 होईल. ही रीत वापरायचीच असेल, तर नेहमी तेवढ्याच शॉटच्या ग्रुपची तुलना करा.

आता दीड तासाची आखणी. एका सत्राला एकच प्रश्न. ‘आज ट्रिगर सुधारायचा’ हा प्रश्न नव्हे; ‘हात स्थिरावल्यापासून 8 सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली घेतले, तर पसारा कमी होतो का?’ हा प्रश्न. पहिली दहा मिनिटे पेलेट न भरता होल्डिंग: पिस्तूल उचलायचे, श्वास सोडताना काळ्याच्या खाली आणायचे, स्थिर धरायचे, खाली घ्यायचे, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मग दहा ड्राय शॉट, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबणे. मग दहा साइटिंग, आणि दहानंतरच स्क्रूचा निर्णय. पुढचे दहा शॉट, कार्ड उलटे लावून, कोऱ्या पांढऱ्यावर. गुण दिसत नाहीत, काळे वर्तुळ नाही, त्यामुळे नजर फ्रंट साइटवर राहते. या कोऱ्या कार्डावरचा ग्रुप नेहमीपेक्षा लहान आला, तर तुमचा दोष हातात नसून नजरेत आहे. मग मुख्य प्रश्नाचे वीस शॉट. शेवटी मोजणीचे वीस, दर आठवड्याला त्याच पद्धतीने, आणि फक्त यांचीच सरासरी त्रिज्या आलेखावर मांडायची. एकूण साठ. शेवटची दहा मिनिटे लिखाणाला.

‘एक दहा मारून मगच थांबू’ असे मुळीच करू नका. चांगल्या शॉटवर थांबले की नोंद खोटी होते, आणि थकलेल्या हाताने मारलेले ते जास्तीचे शॉट वाईट सवय पक्की करतात.

सगळ्यांत मोलाची नोंद मात्र मोजपट्टीतून येत नाही. शॉट सुटल्याच्या क्षणी, कार्ड किंवा स्क्रीन न पाहता, तो कुठे गेला हे घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहा: ‘सातला, आठ गुण’. मग पाहा. अंदाज आणि भोक जुळले, तर शॉट वाईट असला तरी तुम्हाला चूक दिसली होती, आणि दिसलेली चूक दुरुस्त होते. अंदाज दहाचा आणि भोक सातला आठवर, तर शॉट सुटताना नजर फ्रंट साइटवर नव्हती, किंवा बोटासोबत सगळी मूठ आवळली गेली. उजव्या हाताच्या नेमबाजात मूठ आवळली की शॉट बहुधा डावीकडे खाली जातो. वीसपैकी किती अंदाज एका वर्तुळाच्या आत जुळले, हा आकडा दर आठवड्याला लिहा. त्याच्याशेजारी किती वेळा पिस्तूल न झाडता खाली घेतले, तेही. साठ शॉटमध्ये हा आकडा शून्य असेल, तर तुम्ही बिघडलेले शॉटही ओढून मारत आहात.

सोलापूरचा उन्हाळा वहीत स्वतंत्र रकाना मागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना तळहाताचा घाम लाकडी ग्रिपवर पकड बदलतो, आणि पकड बदलली की ग्रुपचे केंद्र सरकते. वेळ आणि तापमान लिहिले नाही, तर हा बदल साइटचा समजून स्क्रू फिरवले जातात. हवेच्या सिलिंडरचीही काळजी घ्या: 27 अंशांना 200 बारपर्यंत भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत 57 अंशांवर गेला, तर आतला दाब सुमारे 220 बार होतो. तो गाडीत ठेवू नका, आणि त्यावर कोरलेली मुदत उलटली असेल तर वापरू नका. पेलेट शिशाचे असतात. जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा, मगच भाकरी.

रेंजवर आठवड्यातून एकदाच जमत असेल, तर उरलेले काम घरी ड्रायने होते. आठवड्यातून चार दिवस पंधरा मिनिटे, कोऱ्या भिंतीकडे. आधी पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत. एअर पिस्तुलाला ड्रायची वेगळी सोय असते, ती वापरा. काडतुसाचे पॉइंट 22 पिस्तूल मात्र चेंबर रिकामे ठेवून ड्राय करू नये, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. त्यासाठी डमी काडतूस घालावे.

तेच डमी काडतूस पॉइंट 22 पिस्तुलाच्या 25 मीटर प्रकारातही कामाला येते. राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले तो हाच प्रकार: 30 शॉट अचूकतेचे, 30 जलद, ज्यात टार्गेट दर शॉटला फक्त 3 सेकंद दिसते. इथे धक्का आणि आवाज येतो, आणि शरीर तो येण्याआधीच दचकते. जोडीदाराला पाच काडतुसांत एक-दोन डमी तुम्हाला न सांगता भरायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताना नळी खाली झुकली, तर दचकणे उघड झाले. किती डमींपैकी किती वेळा झुकली, हे लिहा. जलद शॉटची वही अचूकतेच्या वहीपासून वेगळी ठेवा, कारण दोन्हींतला पसारा वेगवेगळ्या कारणांनी वाढतो.

आढावा दर चार आठवड्यांनी घ्या, त्याआधी नाही. वीस शॉटच्या सरासरी त्रिज्येत नुसत्या योगायोगानेच साधारण 12 टक्क्यांचा चढउतार होतो. चार आठवडे एकत्र केले की तो 6 टक्क्यांवर येतो. पसारा याच्या दुपटीहून जास्त घटला असेल, तर प्रश्न सुटला, नवा घ्या. पसारा तेवढाच पण अंदाज जास्त जुळू लागले असतील, तर तोच प्रश्न आणखी चार आठवडे चालू ठेवा. नजर आधी सुधारते, हात मागून येतो. दोन्ही जागच्या जागी असतील, तर पद्धत बदला, आणि त्याआधी ट्रिगरचे वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, 500 ग्रॅमच्या वजनाने तपासून घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे वा परीक्षांमुळे खंड पडला, तर परतल्यावरची पहिली दोन सत्रे आलेखावर वेगळ्या रंगाने मांडा. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली की प्रश्न बाजूला ठेवून 15 मिनिटे साइटिंग आणि 75 मिनिटांत 60 शॉट असे पूर्ण सामने खेळा, आणि प्रत्येक दहाच्या सिरीजला लागलेली मिनिटे लिहा; घाई कोणत्या सिरीजपासून सुरू होते, ते दोन-तीन सामन्यांतच दिसू लागते.